सुनेचं जावळ

आमच्या घरात सगळ्यात लांब केस माझ्या मुलाचे होते. माझे नाहीत, थोरल्या मुलीचेही नाहीत. रोज सकाळी शिलाई मशीनवर बसायच्या आधी मी त्याची वेणी घालायचे आणि तो हातात भाकरीचा तुकडा घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. थोरली आपल्या खांद्यापर्यंतच्या केसांवरून कंगवा फिरवत म्हणायची, "देवानं केस वाटताना मी कुठं गेले हुते कुणास ठाऊक." तेलाची बाटली महिना काढायची नाही, ती सगळी त्याच्याच डोक्यात जिरायची.

हे केस म्हणजे नवस होता. दिवस भरायच्या आतच तो सोलापूरच्या दवाखान्यात जन्मला, आणि जन्मल्यावर रडलाच नाही. नर्स थांबली, डॉक्टरीणबाई थांबल्या, मी श्वास घ्यायचं विसरले. सगळ्यांना पुरतं ताटकळत ठेवून झाल्यावर त्यानं एक बारीक सूर काढला. दाराबाहेर सासूबाई उभ्या होत्या. आतून आवाज येईना म्हटल्यावर त्यांनी तिथल्या तिथं सोनारीच्या काळभैरवाला सांगून टाकलं होतं, की लेकरू जगलं तर सातवं सरायच्या आत जावळ तुझ्या पायाशी, तोवर केसाला लोखंड लागणार नाही. आमचं कुलदैवत ते. मला कुणी विचारलं नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी माझे केस नवसाला बोलले असते तरी मी दिले असते.

तर असा हा वेणीवाला मुलगा सिनेमात कसा गेला, त्याला माझा भाऊ कारणीभूत आहे. मला गावातच दिली. जळकोटात माझ्या सासर-माहेराच्या मध्ये एक पिठाची गिरणी आणि थोडीशी गल्ली, एवढंच अंतर. माहेरची ओढ म्हणतात ती मला कधी कळलीच नाही, उलट माहेरच रोज चहाला घरी येतं. भावाचं हायवेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि डोक्यात सिनेमा आहे. दुकान कमी चालतं, डोकं जास्त.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी पोरांनी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा त्यानं आपला मोबाइल आमच्या टीव्हीला जोडला आणि जुने परदेशी विनोदी सिनेमे लावून दिले. काळे-पांढरे, मुके, चहा होईपर्यंत संपणारे. आम्ही भावंडं लहान असताना टीव्हीवर असले काही काही लागायचे आणि आमच्या वडिलांसारखा माणूससुद्धा खुर्चीत हलून हसायचा. त्यातल्या पुष्कळ सिनेमांत पोरांची टोळी असायची. कानापर्यंत आलेली टोपी, बापाची विजार, आणि शेवटी मोठ्या माणसांची फजिती. थोरली आणि शेजारच्या भाभींची मुलगी लोळून लोळून हसायच्या. माझा मुलगा मात्र हसायचा नाही. तो नीट बघायचा.

एकदा मी पीठ मळत असताना तो स्वयंपाकघरात आला आणि मुद्दाम पाय घसरून धपकन बसला. मी धावणार, तर तो रडलाही नाही आणि उठलाही नाही. माझ्याकडे सरळ, गंभीरपणे बघत राहिला. मग ढुंगण झाडून उठला. मला इतकं हसू आलं की पिठाचे हात तोंडाला लागले. तो म्हणाला, "त्यातलं बारकं पोरगं असंच करतंय. पडलं की पैलं थांबतंय. थांबलं की मग लोक हसतेत." ही गोष्ट त्याला कुणी शिकवली नव्हती. भावानं ऐकलं आणि दुकान बंद करून आला.

आमच्याकडे सिनेमा मुका होण्याचं कारण कला वगैरे काही नाही. हायवे दारात आहे. काहीही चित्रित करा, संवादाच्या मधे ट्रकचा हॉर्न हजर. मग भावानं ठरवलं की कुणी बोलायचंच नाही, आपण नंतर हलगी आणि पेटी वाजवून लावू. गोष्ट सासू-सुनेची. आता अडचण अशी की थोरली आणि शेजारची पोरगी, दोघींनाही सासूच व्हायचं होतं. सासूला मारायला मिळतं ना. सून व्हायला कुणी तयार होईना, आमच्या गावात पोरींना एवढी अक्कल लवकर येते. भांडण चाललं असताना भावाची नजर कोपऱ्यात बसलेल्या वेणीवर गेली.

सासूचं काम शेजारच्या पोरीला मिळालं, कारण ती रागानं बघते तेव्हा तिच्या अब्बांनासुद्धा घाम फुटतो. मी तिला माझ्या जुन्या साडीचं छोटं नऊवारी शिवून दिलं. थोरलीला भावानं "तू सगळ्यांची मुकादम" म्हणून गप्प केलं. आणि माझा मुलगा कपाळाला टिकली, हातात माझ्या लहानपणच्या बांगड्या आणि कमरेपर्यंत वेणी घेऊन सून झाला. पहिल्या सिनेमात ती सून घागर घेऊन सात वेळा घसरते, एवढंच होतं. पण दरवेळी घसरली की थांबून सरळ बघते. गावानं तो सिनेमा एकमेकांना पाठवून पाठवून पाहिला. मग दुसरा आला, तिसरा आला.

दिवाळीनंतर आम्ही तुळजापूरला देवीला गेलो होतो. देवळाखालच्या गल्लीत बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंनी त्याला हात धरून थांबवलं. "ही तीच सून व्हय?" म्हणाल्या, आणि त्याच्या मनगटाला हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या, पैसे घेतले नाहीत. तो लाजून माझ्या पदरात शिरला, पण बांगड्या घरी येईपर्यंत काढू दिल्या नाहीत. मला त्या दिवशी भारी अभिमान वाटला. लेकाच्या बांगड्यांचा असा अभिमान वाटलेली आई आमच्या तालुक्यात बहुतेक मी एकटीच.

चौथ्या सिनेमाला भावानं मोठी गोष्ट काढली. सून चोरून पुरणपोळी खाते म्हणून सासू तिची वेणी बाजेच्या पायाला बांधून बाजेवर झोपते. सून बिचारी पोळीच्या वासानं वेडी होऊन बाजेसकट, सासूसकट स्वयंपाकघरापर्यंत जाते. हा अर्धा भाग झकास झाला. बाज मागून भाऊच ढकलत होता, पण दिसताना असं दिसतं की माझा लेक वेणीनं ओढतोय. उरलेला भाग म्हणजे सून पोळ्या खाते आणि सासू जागी होते. त्याला पोळ्या पाहिजेत.

आणि सासूबाई पोळ्या करेनात. "सण न्हाय, वार न्हाय, शिनेमासाठी पुरण घालू व्हय?" मी म्हटलं, मी करते. तर म्हणाल्या, "माझ्या चुलीवर न्हाय." भावाला भाकरीवर भागव म्हटलं तर तो म्हणाला, "आक्का, भाकरीसाठी कोण चोरी करतंय?" म्हणून सिनेमा होळीपर्यंत अडकून पडला. होळीला पोळ्या होतातच, घाई काय आहे, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मग एक दिवस माघात सासूबाईंनी ताट पुढं सारता सारता सांगितलं, "येत्या ऐतवारी सोनारीला जायचं. पोराचं सातवं फागुनात सरतंय."

भावाच्या हातातला घास हातातच राहिला. इतकी वर्षं रोज वेणी घालणाऱ्या बाईनं तरी हे लक्षात ठेवायला हवं होतं, पण आम्हाला त्या केसांची इतकी सवय झाली होती की ते देवाचे आहेत हेच विसरलो होतो. भावानं होळीपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली नाही. मग त्यानं हळूच विचारलं, "मावशी, सगळे केस देवाला देऊ, पर वेणी तेवढी माघारी आणू. चिकटवायला बरं पडंल." सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शेजारच्या पोरीनं ती नजर तेव्हा पाहिली असती तर तिचं काम आणखी सुधारलं असतं. "देवाला दिल्यालं माघारी आणतेत व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. आणि जावळाला पोराला मांडीवर घेऊन बसायचं ते मामानं. म्हणजे ज्याला ती वेणी सगळ्यात जास्त हवी होती, त्याच्याच मांडीवर ती कापली जायची होती.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी शहाणपणा करायला निघाले. तुळजापूरला शिलाईचं सामान आणायला गेले तेव्हा येताना छानपैकी लांब, काळंभोर गंगावन घेऊन आले. भावापुढं ठेवलं. तो खूश. म्हणाला, "आक्का, तू हायेस म्हणून चाललंय." आम्ही दोघं चहा पीत त्या गंगावनाचं कौतुक करत होतो, तेवढ्यात थोरलीनं ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "आई, टकुऱ्यावर हे गुंफायचं कशात?"

बाळंतपणानंतर केस विरळ झाले तेव्हापासून मी लग्नकार्याला गंगावन लावते. ते आपल्याच केसांत गुंफावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. भाऊ चहा संपवून निघून गेला.

या सगळ्यात मुलगा काहीच बोलत नव्हता. ते मला फार उशिरा उमगलं. रविवारी जीप करून आम्ही निघालो, सासूबाई पुढे, आम्ही मागे. बार्शी मागे पडल्यावर त्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं, "मामा, त्या पिक्चरमधलं बारकं पोरगं पुढं मोठं झालं आसंल की."

"झालं की," भाऊ म्हणाला.

"मग?"

"मग काय. मोठं झाल्यावर कोण हसतंय? दुसरं बारकं घेतलं."

मी भावाच्या दंडाला असा चिमटा काढला की जीपवाल्यानं आरशातून बघितलं. पण शब्द सुटला तो सुटला. मुलानं वेणी पुढं घेतली आणि तिच्या टोकाची लाल रिबीन बोटाला गुंडाळत, सोडत, गुंडाळत सोनारीपर्यंत आला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. आम्ही सिनेमा अर्धा राहील म्हणून रडत होतो आणि त्याला वाटत होतं की केसांबरोबर आपणच जाणार.

देवळाजवळ भाऊ मांडी घालून बसला, त्याच्या मांडीवर मुलगा, पुढ्यात सासूबाई पदर पसरून. जावळाचा केस जमिनीवर पडू द्यायचा नसतो. न्हाव्यानं वेणी धरली आणि तिच्या मुळाशी कात्री लावली तेव्हा मुलानं मान न वळवता, अगदी बारीक आवाजात विचारलं, "मामा, आता दुसरं घेणार?"

एरवी गिऱ्हाइकाला उद्या देतो म्हणून आठवडा लावणारा माझा भाऊ, त्या दिवशी नेमका खरं काय ते बोलायच्या विचारात पडला. "हलू नका, कात्री लागंल," न्हावी म्हणाला. वेणी सासूबाईंच्या पदरात पडली. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून तिचं वजन बघितल्यासारखं केलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या मनात देवाचे उपकार, माझ्या मनात भावाचा राग, आणि मधे वस्तऱ्याखालचं माझ्या लेकाचं एवढंसं डोकं. इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं मला. त्यावर गंधाचं स्वस्तिक काढलं, काळभैरवाच्या पायाशी केस ठेवले आणि आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी घरी जावळाचं जेवण होतं. पोळ्यांची दुरडी भरून गेली होती, मला तर त्या दुरडीकडे बघूनसुद्धा चीड येत होती. पाहुणे येत आणि प्रत्येक जण मुलाचा गाल ओढून एकच विचारी, "काय रे, सून कुठं गेली?" त्यांचं चुकत नव्हतं, ते प्रेमानंच विचारत होते. पण थोड्या वेळानं मुलगा दिसेनासा झाला. माझ्या शिलाई मशीनच्या मागे, बापाची माकडटोपी घालून तो बसला होता. मी बोलावलं, आला नाही. भावानं बोलावलं, त्याच्याकडे तर बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई हात पुसत आल्या. सिनेमाच्या नावानं आठ-नऊ महिने नाक मुरडणाऱ्या बाई त्या. मशीनमागे वाकून त्यांनी विचारलं, "कशाला बसलास रं हितं?"

"मला केस न्हाईत," तो म्हणाला.

"मग? सुनंला केस कशाला लागतेत? पदर घेतला म्हंजे झालं. मी नवी नवरी असताना माझे केस कुणी बघितले हुते?" असं म्हणून त्यांनी मी त्याच्यासाठी शिवून ठेवलेलं छोटं लुगडं ओढलं, त्याची टोपी काढली, आणि त्याच्या कपाळावर पदर असा ओढला की पुन्हा जुनी सून समोर उभी राहिली. मग भावाकडे वळून म्हणाल्या, "बघत काय बसलास? दुरडी रिकामी व्हायच्या आत काढ तुझा शिनेमा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी आमची गत. थोरली मात्र मुकादम शोभली. माझं ते बिनकामाचं गंगावन तिनं शोधून आणलं, त्याचं एक टोक बाजेच्या पायाला बांधलं आणि दुसरं सुनेच्या पदराआड खोचलं. लांबून कुणी म्हटलं नसतं की ती खरी वेणी नाही. पाहुणे भिंतीला टेकून बसले, काही ओट्यावर चढले. भावानं मोबाइल धरला.

सून दुरडीपुढं बसून पोळ्या खाऊ लागली. खाताना दर घासाला मागे वळून बघत होती. मुलाचा चेहरा मात्र उतरलेलाच होता, सांगितलं म्हणून करतोय असा. बाजेवर शेजारची पोरगी सासू होऊन घोरत होती. ठरल्याप्रमाणे ती जागी झाली, वेणी हातात धरली आणि सुनेला ओढून घ्यायला तिनं नेहमीसारखा सगळा जोर लावला. गंगावन नुसतं खोचलंय हे तिला सांगायचं राहून गेलं होतं. थोरलीनं ते खोचलं तेव्हा ही पोरगी पंगतीत बसून जेवत होती.

वेणी आख्खीच्या आख्खी तिच्या हातात आली. ती स्वतः बाजेवरून पलीकडे उलथली. आणि पदर घसरून खाली आला.

सगळ्या घरादारासमोर ते तुळतुळीत डोकं, वर स्वस्तिक. सासू झालेली पोरगी हातातल्या वेणीकडे खरोखर घाबरून बघत होती. मी अर्धी उठले, कारण आता तो रडणार, पळून जाणार आणि पुन्हा कधी मोबाइलसमोर उभा राहणार नाही, हे मला दिसत होतं.

तो थांबला. सरळ मोबाइलकडे बघत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मी श्वास धरला होता. मग त्यानं सावकाश मान वळवून वेणीकडे पाहिलं. एक हात डोक्यावर फिरवला. दुसऱ्या हातातल्या पोळीकडे पाहिलं. आणि ती अर्धी खाल्लेली पोळी नीट डोक्यावर ठेवून, कडा सारख्या करून, पाठ ताठ करून बसला.

पहिल्यांदा भाभी हसल्या, मग सगळं घर हसत सुटलं. ओट्यावरचा माझा चुलतदीर हसता हसता खाली आला. थोरली जमिनीवर लोळत होती. मी हसत होते की रडत होते ते मलाच कळेना, बहुतेक दोन्ही. भाऊ तर उकिडवाच बसला. त्या सिनेमात तो भाग आजही तसाच आहे, चित्र गदागदा हलतं आणि शेवटी नुसती फरशी दिसते. लोक म्हणतात, कॅमेरा नीट धरायला शिका.

त्या गदारोळात पोळीखालून माझ्या लेकानं मोठ्यांदा विचारलं, "मामा, आता दुसरं घेणार?"

"दुसरं?" भाऊ डोळे पुसत म्हणाला. "आरं, असं थांबाया येतंय का कुणाला? केस वाढू दे, न वाढू दे. तू उद्या मिशीवाला झालास तरी तूच."

या खेपेला त्याला विचार करावा लागला नाही, आणि मुलानं ते बरोबर ओळखलं. तो हसला, तसा पोळीतला तुपाचा ओघळ त्याच्या कानावरून खाली आला.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं, हात छातीवर होता. जरा दम घेतल्यावर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तवाबी असंच केलं हुतं गं ह्यानं. आत ह्यो गप, भाईर मी गप. किती थांबवलं हुतं."

मी मान हलवली.

मग त्या उठल्या, पोराजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावरची पोळी उचलली. ताटात शीत राहिलं तर घर डोक्यावर घेणारी ही बाई, आम्हाला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी पोळीचे दोन तुकडे केले, एक त्याच्या तोंडात घातला, एक स्वतः खाल्ला. "पुरण चांगलं झालंय," म्हणाल्या, आणि पुढच्या पंगतीची पानं मांडायला गेल्या.